अस्वलनानांनी खुणा काढल्या

एका जंगलात रेंज फार चांगली होती. म्हणून तिथे अस्वलनाना राहत होते, बाळांनो.

नानांच्या गुहेत एक कॉम्प्युटर होता. त्यावर एखादं पान आवडलं की नाना त्याची खूण करून ठेवत, पुढे सवडीने वाचायला म्हणून. अकरा वर्षांत सातशे बारा खुणा झाल्या. खूण केली की वाचल्याइतकंच समाधान व्हायचं. त्यामुळे एकही पान त्यांनी परत उघडलं नव्हतं.

त्यातली एक खूण नानीची होती. तिची आई म्हणायची तो पाळणा दूरच्या कुठल्या जंगलात कुणीतरी लिहून ठेवला होता. सोळा कडवी होती. नातीच्या बारशाला तोच म्हणायचा, असं नानीने ठरवलं होतं.

मग कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. जंगलातली दुरुस्तीची कामं पिलाजी वानर करायचा. त्याने येऊन शेपटीनेच दोन बटणं दाबून पाहिली.

"नाना, सिस्टीमच बदलावी लागेल. जुन्यातलं काही राहणार नाही. मी पुढच्या सोमवारी येतो. तोवर खुणा तेवढ्या काढून ठेवा."

"सगळ्या?"

"सगळ्या. एक राहिली तरी माझ्याच नावाने ओरडाल."

पिलाजीला म्हणायचं होतं, खुणा दुसरीकडे उतरवून जपून ठेवा. नानांना वाटलं, गुहा रंगवायच्या आधी भिंतीतले खिळे काढतात, तसं काहीतरी असेल. रंग वाळला की पिलाजी परत ठोकून देईल.

नाना पुसायला बसले. पण न वाचता पुसायचं त्यांच्या जिवावर आलं. "बिचारी किती वर्षं थांबलीत," असं म्हणून ते एकेक पान उघडत, शेवटपर्यंत वाचत आणि मग खूण पुसत. वारुळं कशी ओळखावीत, ते वाचलं. पोट कमी करण्याचे नऊ उपाय वाचले, आणि वाचता वाचता फणस खाल्ला. आठ दिवस ते जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठले नाहीत.

सोमवारी पिलाजी आला.

"खुणा काढल्या?"

"एक शिल्लक नाही."

"शाबास. लोक ऐकत नाहीत हो," पिलाजी म्हणाला आणि त्याने नवी सिस्टीम टाकली.

तेवढ्यात नानी आली. "अहो, पाळण्याचं पान उघडून द्या. उद्या बारसं आहे."

"पिलाजी, लाव बाबा खुणा," नाना म्हणाले.

"द्या की. कुठे ठेवल्यात?"

"ठेवल्यात कुठल्या? तू काढायला सांगितल्यास, मी काढल्या."

पिलाजीने कीबोर्ड पुढे ओढला. "पानाचं नाव तरी सांगा."

"नाव कशाला लक्षात ठेवू? खूण होती ना."

पिलाजीने खूप शोधलं. साठ हजार पाळणे सापडले, तो काही सापडला नाही. नानी भिंतीकडे तोंड करून बसली. ओरडली असती तर नानांना बरं वाटलं असतं.

नाना तिच्याशेजारी जाऊन बसले. आणि जाड्याभरड्या आवाजात म्हणू लागले,

"हल पाळण्या हळूहळू, माश्यांना नको कळू..."

सोळाही कडवी म्हटली. ते पान पुसवेना म्हणून बुधवारचा सगळा दिवस त्यांनी तेच वाचण्यात घालवला होता.

नानीने डोळे पुसले. "चौथ्यात चुकलात. आई तिथे 'फांदी' म्हणायची, 'चांदी' नाही."

"तिथे चांदीच लिहिलं होतं."

"मग लिहिणारा चुकला."

पिलाजीला हे काही पटेना. "असं चालत नाही, नाना. माझ्या खुणा बघा, सात ठिकाणी जपून ठेवल्यात."

"काय काय आहे रे त्यात?"

पिलाजीने शेपटीने डोकं खाजवलं. "ते सांगता येणार नाही. पण सुरक्षित आहे."

तात्पर्य: बाळांनो, जे वाचायचं असेल ते पुसायला काढावं. जे कधीच वाचायचं नसेल ते सात ठिकाणी जपून ठेवावं.