गुरुजींचा आवाज आणि शुक्रवारचा बाजार

"ज्या आवाजाने हे गाव घरात बसले, त्याच आवाजाने ते घराबाहेर येईल," असे रघुनाथराव गुरुजींनी नगर परिषदेच्या सभेत उभे राहून सांगितले आणि ते शांतपणे खाली बसले. आपल्या विधानात काही न्यून राहिले असेल, अशी शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. अशी शंका त्यांच्या मनाला सहसा शिवत नसे.

हे गाव सौंसर आणि पांढुर्ण्याच्या दरम्यान कुठेतरी आहे. नाव सांगितले तर तिथले पार्षद, म्हणजे नगरसेवक, रागावतील, म्हणून ते राहू द्यावे. गुरुजींनी तिथल्या शाळेत सारे आयुष्य संस्कृत शिकवले. ईश्वराने त्यांना देह बेताचा दिला. मात्र आवाज देताना त्याचा हात थोडा सैल सुटला असावा. वर्गात ते धातू चालवू लागले, की शाळेमागच्या संत्र्याच्या बागेतली पाखरे उडत. पंचक्रोशीत लग्न कोणाचेही असो, भटजींची मंगलाष्टके संपली की वधूवरांचे वडील हात जोडून गुरुजींकडे येत. आणि गुरुजींनी एक श्लोक म्हटल्याशिवाय अंतरपाट खाली जात नसे.

मग ती साथ आली. नगर परिषदेला गावभर फिरवायला एक भारदस्त आवाज हवा होता. गुरुजींचा आवाज कचरा गाडीच्या भोंग्यावर चढला आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीबोळांतून फिरू लागला. "नागरिकहो, घाबरून जाऊ नका," अशी त्याची सुरुवात असे, आणि त्यानंतर जे येई ते ऐकून घाबरणार नाही असा नागरिक गावात उरला नव्हता. आधी चौकातला बाजार बंद झाला, मग गल्ल्यांना बांबू लागले. दुसऱ्या लाटेत तर मोक्षधामात कोणी कधी यावे, तेही त्याच आवाजाने सांगितले. साथ ओसरल्यावर परिषदेने गुरुजींना शाल दिली, नारळ दिला आणि छायाचित्र काढले.

त्यानंतर त्यांना लग्नात म्हणायला कोणी बोलावले नाही.

पत्रिका येत, पण श्लोकासाठी हात जोडून कोणी येत नसे. कारण देवकाबाईंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, केव्हाच कळले होते.

"तुमचा आवाज आइकला का लोकांच्या पोटात गोळा येते," त्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"आवाज निर्गुण असतो," गुरुजी म्हणाले. "गुण आशयाला चिकटतो."

"असन. पण गोळा पोटातच येते."

गुरुजींनी हे मत अशास्त्रीय ठरवून बाजूला ठेवले. तरी शेजारच्या मांडवातून अष्टके ऐकू येत, तेव्हा ते खिडकी लावून घेत.

म्हणून परिषदेने बाजाराचा विषय काढला, तेव्हा त्यांच्या जीर्ण मनाला पालवी फुटली. साथीच्या काळात शुक्रवारचा बाजार गावाबाहेर, कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या माळावर हलवला होता. साथ गेली, बाजार तिथेच राहिला. म्हाताऱ्यांना तिथवर चालवत नसे. आता तो पुन्हा गावातल्या चौकात आणायचा ठरला. मात्र व्यापाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते, की पहिल्याच शुक्रवारी चौक ओस पडला तर आम्ही परत येणार नाही. अध्यक्ष अलकाताईंच्या मनात एखाद्या तरुण गायकाचे हिंदी गाणे लावायचे होते. पण गुरुजींनीच त्यांना विभक्ती शिकवल्या होत्या. ज्याने षष्ठी चुकली म्हणून बाकावर उभे केले, त्याला नाही कसे म्हणावे?

गुरुजींचा हिशेब निराळा होता. गावाने या आवाजात एकदा शुभ वार्ता ऐकावी, म्हणजे मधली सारी वर्षे धुतली जातील. तुळशीचे लग्न जवळ आलेच होते. त्यानंतर माणसांची लग्ने.

ध्वनिमुद्रण सुरू झाले. "नागरिकहो, घाबरण्याचे कारण नाही. आपला आठवडी बाजार पूर्वस्थळी पुनश्च..."

"गुरुजी," अलकाताई हळूच म्हणाल्या, "ते घाबरायचं काऊन काढून राहिले? सीधं बाजारावर या ना."

"आरंभ परिचित असावा," गुरुजी म्हणाले. "श्रोता आश्वस्त होतो."

शुक्रवारी सकाळी कचरा गाडीचा चालक श्रावण ती मुनादी, म्हणजे दवंडी, घेऊन निघाला. गुरुजी ओट्यावर चहा घेत बसले. पेला अर्धा झाला नाही तोच श्रावणचा फोन आला.

"गुरुजी, परिणाम होऊन राहिला जी."

"होणारच. काय करताहेत लोक?"

"दरवाजे लावून राहिले."

"घरे बंद करून बाजाराला निघाले असतील."

"आतून लावून राहिले, गुरुजी."

"मग त्यांना नीट ऐकू गेले नसेल. आवाज वाढव."

श्रावणने आवाज वाढवला. ओळखीचा तो गंभीर नाद गल्लीत शिरला, की पुढची वाक्ये ऐकायला कोणी थांबत नव्हते. आया अंगणातली पोरे काखोटीला मारून आत नेत होत्या. अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ न्हाव्याच्या खुर्चीतून उठून तसेच घरी गेले. किराणा दुकानाचे शटर खाली आले. कोणी नागपूरच्या जावयाला फोन करून दिवाळसण पुढे ढकलला. गल्लीतल्या तरुणांच्या हातात तर जुनी कला होती. त्यांनी पाहता पाहता बांबू आडवे बांधले, आणि बोरगावहून भाजी घेऊन आलेल्या गाड्या त्या बांबूंपाशी रांग लावून उभ्या राहिल्या.

गुरुजींनी चहाचा पेला खाली ठेवला. "मलाच जावे लागेल."

"नका जाऊ," देवकाबाई म्हणाल्या. "कॅसेटनं इतकं केलं, तुम्ही खुद गेले तर लोक गाव सोडून जातीन."

ते गेले. श्रावणच्या शेजारी बसून त्यांनी माइक हाती घेतला आणि प्रत्यक्ष कंठाने म्हणाले, "नागरिकहो, कृपया भय बाळगू नका." ज्या खिडक्या अजून उघड्या होत्या, त्याही बंद झाल्या.

"गुरुजी, राग नका मानू," श्रावण म्हणाला, "पण तुम्ही जेवढं समजावता, तेवढ्या कड्या लागून राहिल्या."

एका घराचे दार मात्र किलकिले झाले. वच्छलाबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यात आल्या. त्यांचे यजमान दुसऱ्या लाटेत गेले होते.

"गुरुजी, या खेपेला किती दिवस?"

"असे काही नाही, वच्छलाबाई. बाजार भरला आहे. तुम्ही यावे."

"तवाही तुम्ही थोडेच दिवस म्हटलं होतं." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती; फार दमलेल्या माणसाचा स्वर होता तो. "खरं सांगा. मी रागावत नाही. तुमच्या हातात काय होतं तवा, अन् आता तरी काय हाय?"

गुरुजींनी माइक बंद केला. ते गाडीतून उतरले, उंबऱ्यापाशी गेले आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, "साथ नाही, बाई. शपथ. फक्त वांगी आहेत."

वच्छलाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग त्या आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. "चला तर. पण तुम्ही बोलू नका, बापा."

वच्छलाबाईंची पिशवी शेजारच्या खिडकीने पाहिली, आणि गावाने त्यातून आपला अर्थ काढला: सारे बंद होण्याआधी भाजी भरून घ्यायची असते. मग जे झाले ते चौकाने पूर्वी कधी पाहिले नव्हते. ज्यांनी बांबू बांधले, त्यांनीच ते सोडले आणि गाड्या चौकात आल्या. माणसे पिशव्या, पोती आणि उशांचे अभ्रे घेऊन धावली. लसूण संपला, कांदे संपले, संत्र्यांची खोकी डोक्यांवरून गेली. एका निवृत्त तलाठ्याने टोपलीभर भोपळे घेतले आणि घरी कोणीच भोपळा खात नाही हे त्याला घरी गेल्यावर आठवले. दुपारच्या आत बाजार रिकामा झाला.

"असा बाजार जनमात नाही पाहिला," बोरगावचा भाजीवाला म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी दोन गाड्या आणतो."

अलकाताईंचा चेहरा उजळला होता. "गुरुजी, दर शुक्रवारी तुम्हीच."

"अहो, ते भयाने आले."

"आले नं. कायच्यानं आले ते कोण पाहून राहिलं?"

साथ नव्हती हे गावाला संध्याकाळपर्यंत कळले. पुढच्या शुक्रवारी लोक भोपळे परत करायला म्हणून चौकात आले, भांडले आणि आलोच आहोत तर म्हणून मेथी घेऊन गेले. बाजार अशा रीतीने पूर्वस्थळी रुजला. मुनादीसाठी मात्र, गावाने ओरड केल्यावर, तरुण गायकाचे हिंदी गाणे आले, आणि गुरुजींनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ते ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान हलवून उत्तर देत.

तुळशीचे लग्न झाले. एके दिवशी गावातला कापसाचा व्यापारी मोरेश्वर पाया पडायला आला आणि हात जोडून उभा राहिला.

"गुरुजी, परवा आमच्या पोरीचं, पूनमचं लगन हाय. तुमच्या आवाजाशिवाय काम होत नाही."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. देवकाबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"शार्दूलविक्रीडित म्हणतो," गुरुजी म्हणाले. "मुलीचे नाव शेवटच्या चरणात गुंफता येईल."

मोरेश्वर चुळबुळला. "ते अष्टकाचं तर सौंसरचे भटजी पाहून घेतीन जी."

"मग मी?"

"जेवणं झाल्यावर." मोरेश्वरने नजर जमिनीकडे वळवली. "हॉल संध्याकाळी दुसऱ्या पार्टीले द्यायचा हाय, अन् आमचे पाहुणे गप्पा मारत बसले का उठतच नाहीत. तुम्ही माइकवर काही बी बोला. दोन वाक्यं पुरतीन."

देवकाबाईंनी पेला मोरेश्वरापुढे जरा जोराने ठेवला. गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, घसा खाकरला आणि मोरेश्वर नकळत दोन पावले मागे सरकला.

"येईन," गुरुजी म्हणाले. "मात्र माझे पान पहिल्या पंगतीला मांडा. मी बोलल्यानंतर वाढायला कोणी राहणार नाही."