हेडक्लार्कसाहेबांचा कोरा पडदा

हेडक्लार्कसाहेबांना जगात एकाच माणसाची अक्कल मान्य होती, आणि तो माणूस त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटे. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर दिसलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "दादाला विचारा ना. त्याचा टीव्ही दुरुस्तीचाच धंदा आहे."

"तुझा दादा?" साहेब फिसकन हसले. "त्याला रिमोटच्या सेलपलीकडे काय कळतं? चार वायरींचं तर काम!"

वायरी चारच होत्या. काडेपेटीएवढ्या सर्किटला साहेबांनी पडदा जोडला (एकदा उलटा, मग सुलटा), प्रोग्रॅम चढवला आणि बायकोला हाक मारली. पडदा निळाशार उजळला. अक्षर मात्र एकही नाही.

"छान आहे हो," बायको म्हणाली. "पाणी निळं असतं एवढं कळलं."

पुढचे तीन दिवस साहेबांनी जगाची लायकी काढली. दुकानदार लबाड, वायरी भिकार, प्रोग्रॅम लिहिणारा अर्धवट. पडदा बदलून आणला, तोही कोरा. शेवटी प्रयोगासाठी भरत ठेवलेली टाकी वाहिली आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या उन्हात घातलेल्या गाद्या चिंब झाल्या. त्यांचं शेलकं भाषण ऐकून बायकोने सरळ दादाला फोन लावला.

मेव्हणा आला. चपला काढता काढताच त्याने विचारलं, "भाऊजी, मागचा स्क्रू फिरवलात?"

"कुठला स्क्रू?"

"अक्षरं गडद करायचा."

पडद्यामागे हरभऱ्याएवढा निळा ठोकळा होता, त्यावर बारीकसा स्क्रू. साहेब त्याला शोभेची वस्तू समजत होते! मेव्हण्याने ओट्यावरची सुरी घेतली, टोकाने तो स्क्रू जरासा फिरवला. बायको दादाशी फोनवर बोलत असताना चिडून आपण चाचणीसाठी प्रोग्रॅममध्ये काय टाइप केलं होतं, ते साहेबांना आत्ता आठवलं. ते झेपावले, पण अक्षरं आधी पोचली.

मेव्हण्याने इंग्रजी अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं, "हा... गाढव... आहे."

"हा म्हणजे कोण, भाऊजी?"

"मनावर घेऊ नकोस रे दादा," बायको शांतपणे म्हणाली. "नवं यंत्र सुरू झालं की आधी मालकाचं नाव दाखवतं. हो ना हो?"

साहेबांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या सुरीकडे.

"हो," ते म्हणाले. "मालकाचंच."