मूळ तेवढं खाऊ नका

रानमांजरांच्या वस्तीचे पाटील धोंडीराम सकाळपासून खोकत होते, आणि पाटीलच खोकतायत म्हटल्यावर बाकी कुणाला काम सुचत नव्हतं. नाशिकहून हरसूलकडे जाताना द्राक्षबागा संपून डोंगर सुरू होतो, तिथल्या करवंदीच्या जाळ्यांत ही वस्ती होती. माणसांना तिचा पत्ता नव्हता. मांजरांना मात्र माणसांची सगळी माहिती होती. कुठल्या बागेत उंदीर जास्त, कुठला राखणदार झोपाळू, सगळं पाठ.

वस्तीचा दवाखाना म्हणजे एका मोठ्या खडकाची सावली आणि वैद्य म्हणजे बयाबाई. त्या जातीने वाघाटी, म्हणजे रानमांजरांतली सगळ्यात लहान, त्यामुळे अंगाने पाटलांच्या निम्म्याही नव्हत्या. पण तपासणी काटेकोर. खोकणाऱ्याच्या तोंडाकडे त्या बघतच नसत, कानांकडे बघत.

"खरा खोकला आला की कान मागं जातात," त्या म्हणत. "तोंडाला खोटं बोलता येतं, कानाला नाय."

पाटलांचे कान मागे जात होते.

"पाटील, अंग चाटताना केस पोटात गेलेत. त्यांचा गोळा झालाय. तोंडभर हरळी खा, पडंल बाहेर."

"गवत?" पाटलांच्या मिशा थरथरल्या. "मी काय शेळी हाय का? काहीतरी खरं औषध द्या."

बयाबाई खाली बागेच्या बांधावर गेल्या. निदान घसा तरी मोकळा होईल म्हणून त्यांनी खोकलीच्या रोपाचा पाला ओढला. पण ठिबकच्या नळीने तिथली माती भिजून मऊ झाली होती. अख्खं रोप मुळासकट हातात आलं. तसंच ते त्यांनी पाटलांपुढे ठेवलं.

"पाला चावा. मूळ तेवढं खाऊ नका."

"का?"

"मांजराच्या डोक्यात जातं ते."

इथेच चूक झाली. पाटलांचा एक सिद्धान्त होता. ज्याला तोंड लावू नको म्हणतात, तेच चांगलं असतं. दूध, मासे, कोंबडीची पिल्लं, प्रत्येक बाबतीत तो आजवर खरा ठरला होता. बयाबाईंची पाठ वळताच पाटलांनी आधी मूळ खाल्लं. पाल्याला जागाच उरली नाही.

थोड्याच वेळात पाटील गाऊ लागले. मग लोळू लागले. शेजारच्या कुसाबाईशी त्यांचं उन्हाच्या दगडावरून जुनं भांडण होतं. तिला मिठी मारून ते म्हणाले, "कुसाक्का, तो दगड आजपासून तुझा. माझं ऊनसुद्धा तुझं!" आणि तसेच लोळत लोळत उतारावरून बांधापर्यंत गेले. वाटेत कुठेतरी पोटातला गोळा बाहेर पडला. खाली पोचून उठले तर खोकला गायब.

"मुळानं गुण आला!" पाटील ओरडले.

"मुळानं नाय. लोळलात म्हणून गोळा पडला, गोळा पडला म्हणून खोकला गेला."

"पण लोळलो कशानं?"



दुसऱ्या दिवशी खडकापुढे रांग लागली. सगळ्यात पुढे कुसाबाई. तिचा खोकला बंद पडलेल्या स्कूटरसारखा होता, बहुधा रस्त्यावरून शिकलेला.

"कान हलत नायत तुझे, कुसाक्का."

"कानाला काय झालंय? खोकला आलाय मला!"

मागून हर्षाली म्हणाली, "माझा आतल्या आत येतो, बयाक्का. बाहेर दिसत नाय." तिच्यामागे संतोष होता. वस्तीतला सगळ्यात गुबगुबीत आणि सगळ्यात सरळ. तो म्हणाला, "मला अजून आला नाय. पण येणार हाय. आधीच घेतलेलं बरं."

बयाबाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं. सगळे पाटलांकडे गेले. पाटलांनी फर्मान काढलं की वस्तीच्या आरोग्यासाठी मूळ सर्वांना खुलं आहे. मग काय, आठवडा संपायच्या आत बांध, उतार, ओढ्याचा काठ सगळं उकरून झालं. जिकडेतिकडे मांजरं उताणी. जन्माचे वैरी एकमेकांची शेपटी चाटत होते. शिकारीचं नावच नको. बागेतले उंदीर दिवसाढवळ्या वस्तीतून ये-जा करू लागले. एक तर संतोषच्या पोटावरून चालत गेला. "या पाव्हणं, चहा?" संतोष म्हणाला.

शेवटचं एक मूळ बयाबाईंनी दवाखान्यातल्या दगडाखाली लपवलं. नमुना म्हणून.

मुळं संपली, सगळे शुद्धीवर आले आणि त्याच दुपारी ओझरकडच्या उसातला बिबट्या सोमनाथ वस्तीत आला.

एका क्षणात सगळे जाळीत. खडकापाशी राहिल्या फक्त बयाबाई, कारण दवाखाना उघडा होता.

"घाबरू नका, मी पेशंट म्हणून आलोय," सोमनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "रात्री उसात पडलो की खोकला येतो. खोकलो की माणसं उठतात, उठली की फटाके लावतात. एकाने माझा खोकला मोबाइलवर टिपला, आता गावभर फिरतोय. पिंजरा आणून ठेवलाय त्यांनी. आत शेळी. इतकी देखणी शेळी, आणि मी लांबूनच बघायची! इथे कसलं तरी मूळ मिळतं म्हणे. तेवढं द्या. खोकला राहिला तर मला ऊस सोडून इथेच राहायला यावं लागेल." त्याने जाळीकडे नजर टाकली. "जागा छान आहे. शेजारही मऊ दिसतोय."

संतोषने पोट आत घेतलं.

"देऊ की! बयाबाई, द्या की त्यांना मूळ!" जाळीतून पाटलांचा आवाज आला.

"कुठलं देऊ? समदं तुम्हीच खाल्लंत," बयाबाई पुटपुटल्या.

सोमनाथ खोकला. कान सपाट मागे गेले. छातीवरची लव चाटून चाटून गुळगुळीत झालेली. आजार पाटलांचाच, फक्त माप मोठं. दगडाखालचं मूळ बयाबाईंना आठवलं. पण पाटील लोळले तेव्हा गवत वाकलं होतं, हा लोळला असता तर वस्ती सपाट झाली असती.

"साहेब, हरळी खाल्लीत तर…"

"बाई, मी गवत खात नाही. गवत खाणाऱ्यांना खातो."

 बयाबाई एकदम वळून ओरडल्या, "कुसाक्का! खडकामागची हरळी झाक आधी! पाव्हण्यांची नजर पडायला नको!"

कुसाबाई खोकल्यात कच्ची असली तरी इशाऱ्यात पक्की होती. ती धावत जाऊन हरळीवर बसली. संतोषला काहीच कळलं नव्हतं, तरी त्याने गळा काढला, "नको हो, पाटलांची हरळी हाय ती!"

"काय झाकताय?" सोमनाथने मान उंचावली.

"काय नाय, साहेब. पाटलांसाठी राखलेली हाय. ती तेवढी खाऊ नका. बाकी काय बी खा."

'बाकी काय बी' ऐकून सगळी जाळी शहारली. पण सोमनाथ तोवर खडकामागे पोचला होता. कुसाबाईला पंजाने अलगद बाजूला करून त्याने हरळी बुडापासून साफ केली. मग थबकला, पाठ कमानीसारखी केली, आणि चांगला मांजराएवढा गोळा बाहेर आला. तो बघून संतोषने आपण जागेवर आहोत ना, हे एकदा चाचपून पाहिलं.

सोमनाथने श्वास घेतला. खोकला नाही. "वा!" तो जाळीकडे बघून म्हणाला. "पाटील, असलं औषध एकट्याने दडवून ठेवायचं नसतं. बरं दिसत नाही." आणि डोंगर उतरून गेला.

पाटील बाहेर आले ते तणतणत. "माझी हरळी संपवली की त्यानं!"

"अजून हाय ओढ्याकाठी," बयाबाई म्हणाल्या. "पण कुणी तोंड लावायचं नाय. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओढ्याचा काठ बोडका झाला. घरोघरचे गोळे पडले, पोटं हलकी झाली, भुका लागल्या, आणि उंदीर पळत पळत बागेत परतले. दवाखान्यापुढे चिटपाखरू नव्हतं.

बयाबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग एकदा हळूच खोकून बघितलं आणि पंजाने कान चाचपले. कान होते तिथेच होते.

निदान स्पष्ट होतं. त्यांनी मुळावरचा दगड बाजूला सरकवला.