कवळीला तीनदा ‘नको’

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी चालत जा. तो गेलाही. पण वाटेत एका इमारतीत गरगरणारे पंखे दिसले, पंख्याखाली रिकाम्या खुर्च्या दिसल्या, आणि माणूस शेवटी माणूसच असतो. तो आत जाऊन बसला. उठला तेव्हा ‘आशियाई देशांच्या चालीरीती’ या वर्गात त्याचं नाव लागलेलं होतं.

“तुम्हाला चालायला सांगितलं होतं,” बायको म्हणाली.

“चाललोय ना. वर्गापर्यंत.”

पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसणारा हा पन्नाशीचा गृहस्थ तेव्हापासून ऑफिसात ‘विद्यार्थी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. वर्गातल्या बाई कडक होत्या. “चालीरीती वाचून येत नाहीत, अंगवळणी पाडाव्या लागतात. दिसेल तिथे सराव करा!” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शाळेत असताना त्याने कुठल्याच बाईंचं ऐकलं नव्हतं. त्याची भरपाई आता सुरू झाली.

जपानमध्ये समोरच्याचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतात आणि नीट वाचतात, हे कळल्यावर त्याने बसचं तिकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि नीट वाचायला लागला. बस वळली. उरलेलं तिकीट त्याने एका निवृत्त हवालदाराच्या मांडीवर बसून वाचलं. जपानी घरांत काढलेल्या चपलांची तोंडं दाराकडे करून ठेवतात, म्हणून तो रोज घरातल्या सगळ्यांच्या चपला फिरवून ठेवू लागला. कोरियात घरातलं सर्वांत मोठं माणूस चमचा उचलेपर्यंत कोणी जेवत नाही, हेही त्याने घरात लागू केलं. (इथे मात्र घोळ झाला. घरातलं सर्वांत मोठं माणूस म्हणजे सासूबाई, आणि सासूबाईंना सध्या दात नव्हते.)

सासूबाईंची कवळी दातांच्या डॉक्टरांकडे होती. हिरडीला टोचते म्हणून त्यांनी ती दोनदा परत पाठवली होती. रोज त्या समोरच्या सुपाच्या वाटीकडे तुच्छतेने बघत बसायच्या, चमचा उचलायच्या नाहीत, आणि बाकीच्यांचं जेवण गार व्हायचं. डॉक्टरही वैतागले होते. “पुन्हा परत आली तर ही मोडीत काढतो आणि नव्याने माप घेतो. महिना लागेल,” असा त्यांनी निर्वाणीचा निरोप धाडला होता.

आणि उद्या सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. सगळे नातेवाईक येणार, फोटो निघणार. सासूबाईंनी दात असतानाच जाहीर करून ठेवलं होतं, की दात नसले तर त्या खोलीबाहेर येणार नाहीत. दात आले तर मात्र मक्याचं भाजलेलं कणीस खाणार, तेही दाताने तोडून. कवळी नसताना त्या परक्या माणसासमोर ओठही उघडत नसत. हवं-नको सगळं काठी आपटून सांगत.

“एकच काम आहे,” बायको शाळेत शिकवायला निघताना म्हणाली. “दवाखान्यातला माणूस डबी आणून देईल. ती घ्यायची. तुम्हाला एवढं जमेल ना?”

“न जमायला काय झालं?” तो म्हणाला. यासाठी त्याने चक्क रजा काढली होती.

आता त्या आठवड्याचा धडा नेमका चीनचा होता. कोणी काही देऊ केलं तर लगेच हात पुढे करायचा नाही. दोनदा-तीनदा ‘नको’ म्हणायचं, देणाऱ्याने आग्रह करायचा, मग घ्यायचं. विद्यार्थ्याने ऑफिसात हा सराव मन लावून केला होता. चहाला नको म्हणाला, तो चहा शेजारच्या कारकुनाने प्यायला. साहेबांनी गाडीतून सोडतो म्हटलं, त्यालाही नको म्हणाला आणि घरापर्यंत पाय ओढत आला. पलीकडच्या माणसानेही वर्गात नाव घातलेलं असावं लागतं, हे एव्हाना त्याच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

बेल वाजली. दारात दवाखान्यातला कंपाउंडर, हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेली डबी.

“कवळी आणलीय.”

“छे, छे! नको!” विद्यार्थी हसून म्हणाला. “कशाला एवढा त्रास घेतलात?”

कंपाउंडरने दारावरचा नंबर पुन्हा वाचला. “आजींची कवळी आहे. घ्यायची नाही?”

“नको हो. आम्ही काय एवढे मोठे लागून गेलो!”

आतून सासूबाईंची काठी दणादणा आपटू लागली. विद्यार्थ्याला वाटलं, वा! सासूबाईंनाही आपली रीत आवडलेली दिसते. त्याला आणखी जोर चढला.

“नकोच!” तो तिसऱ्यांदा म्हणाला. आता आग्रह होणार आणि आपण डबी घेणार, या आनंदात तो जपानी पद्धतीने कमरेत वाकला. आदर जितका जास्त तितकं खोल वाकायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. कवळीचा प्रश्न असल्यामुळे तो बराच खोल वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. (वर यायला कंबरही तयार नव्हती.)

सरळ झाला तेव्हा दारात कोणी नव्हतं. खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मागे वळून बघितलं तर सासूबाई खोलीच्या दारात काठी उगारून उभ्या होत्या. मघाच्या दणादणाचा अर्थ आता कुठे त्याच्या डोक्यात शिरला. मोडीत काढणार! महिना लागणार! आणि बायको तर त्याच्याशी वर्षभर बोलणार नाही!

चपलांची तोंडं दाराकडे होती, तेवढी एक रीत कामाला आली. पाय सरकवले आणि पळत सुटला. डॉक्टरांनी सांगितलेलं महिन्याभराचं चालणं त्याने एका दमात पुरं केलं. दवाखान्यात पोचल्यावर लोक खाली का बघताहेत म्हणून त्यानेही बघितलं. पायात सासूबाईंच्या फुलाफुलांच्या सपाता होत्या.

“डॉक्टर! कवळी!”

“कळलं मला,” डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. डबी ट्रेमध्ये उघडी पडली होती आणि शेजारचं मशीन घूंऽऽ करत होतं. “आजींनी तिसऱ्यांदा नाकारली.”

“त्यांनी नाही, मी नाकारली!”

“तुम्ही?” डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “घालून बघितलीत?”

“नाही हो! म्हणजे मला हवी होती, म्हणून नको म्हणालो!”

डॉक्टरांनी मशीन बंद केलं. असल्या रुग्णाशी जपून बोलावं लागतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावं. “मग आता हवी आहे की नको?”

“हवी!” असं म्हणून त्याने डबी एका हाताने हिसकावली, न वाकता, न बघता. बाईंनी बघितलं असतं तर नापासच केलं असतं. डबी छातीशी धरल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं, की तो तिथल्या बाकावर मटकन बसला आणि डोळे पुसू लागला. कंपाउंडरने घाबरत विचारलं, “चहा घेणार?”

“हो! हो! हो!” तो म्हणाला.

कवळी बसली, अगदी बेमालूम बसली. बायको घरी आली तेव्हा सासूबाई आरशासमोर हसून बघत होत्या. “जमलं की तुम्हाला!” बायको कौतुकाने म्हणाली. विद्यार्थ्याने चोरून सासूबाईंकडे बघितलं. त्या फक्त हसल्या, नवे दात पूर्ण दाखवून. त्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी फोटो झाला. मग कणसं आली. चमचा नसल्यामुळे सासूबाईंनी पहिलं कणीस उचललं, आणि कोरियाच्या नियमानुसार सगळे तुटून पडले. विद्यार्थी पाहुण्यांना वाढत होता. तो हात धुऊन बसला तेव्हा ताटात एकच कणीस उरलं होतं, सोनेरी, खरपूस. सासूबाईंनी ते उचलून त्याच्यापुढे धरलं.

“घ्या जावईबापू.”

“हो!” म्हणून त्याने झटकन दोन्ही हात पुढे केले. धडा पक्का झाला होता.

सासूबाईंनी कणीस मागे घेतलं. “अहो, असं कसं? आधी काय म्हणायचं असतं? काल दारात म्हणत होतात ते?”

“काल काय म्हणाले हे?” बायकोने मान वर केली.

विद्यार्थ्याने कणसाकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं.

“नको,” तो म्हणाला. “नको. नकोच.”

“बरं बाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कणसाचा लचका तोडला.