तीन शिट्ट्यांचं बिरडं

प्रेशर हा माझा विषय आहे. बढाई म्हणून नाही सांगत, नोकरी म्हणून सांगतोय! एकतीस वर्षं मी कारखान्यात बॉयलरवर काढली. वाफेचा नुसता आवाज ऐकून मी काटा कुठे आहे ते सांगायचो. साहेब लोक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग काट्याकडे! अशा माणसाला घरातला पाच लिटरचा कुकर लावता येईल का, असं कोणी विचारलं तर हसू येणार की नाही?

पण माझ्या बायकोनं, कोकिळानं, विचारलं. आणि ती हसत नव्हती.

निवृत्त झाल्यावर आम्ही नागावला वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणे येतात समुद्रासाठी, पण परत येतात ते कोकिळाच्या वालाच्या बिरड्यासाठी. पाच वर्षांत तिनं एकही दिवस स्वयंपाकघर सोडलं नव्हतं. आता तिच्या बहिणीच्या, नलूच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. नलू राहते तळा गावी, एकटीच. कोकिळाला तिच्याकडे आठ दिवस राहायचं होतं. रोज फोनवर "बघते गं, बघते," म्हणायची आणि फोन ठेवून डोळ्याला पदर लावायची. मला ते बघवेना.

"अगं, तू जा! मी आहे ना!"

"तेच तर," ती म्हणाली.

शेवटी ठरलं असं, की बचत गटाच्या बायकांबरोबर ती एक दिवस पालीला बल्लाळेश्वराला जाणार आणि त्या दिवशी सहा पाहुण्यांचं दुपारचं जेवण मी करणार. ते निभावलं तर तळा. नाही निभावलं तर नलूनं दुसरं कोणीतरी बघायचं. म्हणजे नलूचा गुडघा आता माझ्या हातात होता!

घरातला जुना कुकर आचके देत होता, म्हणून आदल्या आठवड्यात आम्ही अलिबागच्या बाजारातून नवीन आणला. मी दुकानदाराला विचारलं, "याचं टेस्ट प्रेशर किती? सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतो? रबर कुठल्या ग्रेडचं?"

"काका," तो म्हणाला, "डाळ शिजते."

मी रबर ताणून बघितलं, व्हॉल्व्ह नखानं टोकरला, झाकण कानाशी धरून फिरवलं. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. तेवढ्यात दुकानदारानं कागदाची एक पुडी कोकिळाच्या हातात दिली. "काकू, ही तुम्ही सांभाळा." काय असेल ते असेल! मी हँडलचे स्क्रू तपासत होतो.

तर पालीचा दिवस उजाडला. कोकिळानं डाळिंब्या सोलून ठेवल्या होत्या, वाटण करून ठेवलं होतं, गूळ आणि आमसुलं वाटीत काढून ठेवली होती. भात आणि तळायचे मासे तर मी झोपेतही करतो. दारात चपला घालता घालता तिनं सांगितलं, "हे बघा, वालाला कुकर लावायचा नाही. टोपात घालायचे, वर ताट ठेवायचं, ताटात पाणी घालायचं. कुकरात डाळिंब्यांचा चिखल होतो. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"टोप. ताट. पाणी."

ती गेली. मी टोप बघितला. ताट बघितलं. झाकणावर पाणी ठेवून अन्न शिजवायचं? वाफेचं तंत्र जग कुठून कुठे घेऊन गेलं, आणि आमच्या घरात अजून ताटात पाणी! मी नवीन कुकर काढला. चिखल होतो तो प्रेशर न कळणाऱ्यांच्या हातून. तीन शिट्ट्या, एकही जास्त नाही! संध्याकाळी मी तिला शांतपणे सांगणार होतो, "कोकिळा, तुझी पाच वर्षं वाया गेली."

आमचे पाहुणे ठाण्याचे. त्यांच्यातल्या प्रणालीताई म्हणजे म्होरक्या. त्यांनी जाताना विचारलं, "काका, जेवायला किती वाजता येऊ?"

"घड्याळ बघू नका. समुद्र इथून शंभर पावलांवर आहे. परात वाजली की या!"

बारा वाजता फोडणी दिली, डाळिंब्या परतल्या, पाणी, वाटण, गूळ, आमसूल. झाकण बसलं, गॅस बारीक. मग मी ओटीवर खुर्ची टाकून बसलो. बॉयलरवाला बॉयलरच्या डोक्यावर बसत नाही, कंट्रोल रूममध्ये बसतो. आत वाफेचा सूं सूं आवाज सुरू झाला. तो आवाज ऐकून मला जुने दिवस आठवले आणि खरंच छान वाटलं.

दहा मिनिटांनी पहिली शिट्टी झाली. खणखणीत! मी एक बोट मुडपलं. चार मिनिटांनी दुसरी. आणखी चार मिनिटांनी तिसरी. मी उठलो आणि मागच्या पडवीत गेलो. सुरक्षिततेसाठी सिलिंडर मी घराबाहेर ठेवलाय. शेगडीच्या बटणाशी खेळणं मला पटत नाही, बंद करायचं ते मुळातून. व्हॉल्व्ह बंद! हात झटकले आणि परत ओटीवर आलो.

आणि चौथी शिट्टी झाली!

मी खुर्चीतच ताठ झालो. गॅस बंद आहे. मुळातून बंद आहे. मग शिट्टी कशी?

पाचवी! सहावी!

वाचकहो, तुम्हाला कदाचित कळणार नाही, पण आग बंद केल्यावरही प्रेशर चढत असेल तर बॉयलरवाल्यासाठी त्याहून मोठं संकट नाही. एकतीस वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. अशा वेळेसाठी प्रशिक्षणात एकच सांगितलं होतं: यंत्राजवळ जायचं नाही, भोंगा वाजवायचा, सगळ्यांना बाहेर काढायचं.

घरात मीच होतो. मी मला बाहेर काढलं! भोंगा नव्हता, पण पडवीत परात होती. ती उचलली आणि पळीनं बडवत अंगणभर धावत सुटलो, "बाहेर व्हा! बाहेर व्हा!"

शेजारचा अनंता नारळाच्या आळ्याला पाणी लावत होता. तो कुंपणावरून उडी मारून आला. "दत्ताभाव, काय झाला वो?"

"कुकर फुटतोय! जाऊ नको आत!"

"कुठं फुटतंय? मना तं कायच ऐकू येत न्हाय."

तेवढ्यात सलग तीन शिट्ट्या झाल्या.

"ऐकलंस? ऐकलंस?"

"ह्या व्हय?" अनंता म्हणाला, पण मी परात इतक्या जोरात बडवत होतो की त्याचं पुढचं मला ऐकू आलं नाही. आणि त्याच वेळी सुरूच्या बनातून सहाही पाहुणे ओल्या कपड्यांनी धावत आले. सगळ्यात पुढे प्रणालीताई!

"आलो, काका, आलो! किती प्रेमानं बोलावताय! आम्हालाही कडकडून भूक लागलीय!"

आता यांना काय सांगायचं? जेवायला नाही, जीव वाचवायला बोलावलंय म्हणून? शिट्ट्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "हात-पाय धुवून घ्या. जरा... सावकाश धुवा."

मी परात छातीशी धरून दारातच उभा राहिलो. अनंता मात्र सरळ आत गेला आणि त्यानं झाकण उचललं. मी डोळे मिटले. काहीही झालं नाही. नुसता वास आला. काय वास तो!

"दत्ताभाव, डोले उघडा. बिरडा झाला तुमचा."

मी आत जाऊन पाहिलं. दाणा न् दाणा अख्खा! बोटानं दाबला तर लोण्यासारखा मऊ! चिखल? नाव नको! पाहुणे जेवायला बसले. प्रणालीताईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मागच्या वेळेपेक्षाही छान झालंय! कसं जमवलंत?"

"प्रेशर," मी म्हणालो. "सगळा प्रेशरचा खेळ आहे. तीन शिट्ट्या. नेमक्या तीन."

तळ्याचं पक्कं झालं! मी मनातल्या मनात नलूला दोन्ही पायांवर उभीसुद्धा केली.

इतक्यात किनाऱ्यावरचा लाइफगार्ड पियूष घामाघूम होऊन अंगणात आला. गळ्यात शिट्टी.

"काका, हेच ना तुमचे पाहुणे? भरती चढतेय आणि हे पुढे पुढे चाललेत! साडेबारापर्यंत शिट्ट्या मारून मारून माझे गाल दुखायला लागले. एक जण हलेल तर शपथ! आणि तुमची परात वाजल्यावर सगळे सुसाट! मला ती परात द्या हो, माझ्या ड्यूटीला उपयोगी पडेल."

मी हळूच स्वयंपाकघरात गेलो आणि झाकण हातात घेतलं. मधोमध नुसती नळी! वर जिथे शिट्टी बसायला हवी, तिथे काहीच नाही. उडाली! म्हणजे स्फोट खरंच झाला होता! मी कौलं तपासली, फडताळामागे पाहिलं, केरसुणीनं शेगडीखालचं सगळं ओढून काढलं. संध्याकाळपर्यंत मला दोन चमचे आणि एक बॅटरी सापडली. शिट्टी नाही.

सहा वाजता कोकिळा आली. हातात प्रसाद. पातेल्यात काढून ठेवलेलं चार बोटं बिरडं तिनं चाखलं, आणि तिचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"अगंबाई! छान झालंय की हो! टोपात केलंत ना?"

तेवढं "हो" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण स्वभाव!

"टोपात? हॅ! कुकरात! तीन शिट्ट्यांत!"

कोकिळानं माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, कागदाची पुडी काढली, सोडली आणि शिट्टी टेबलावर ठेवली.

"मला माहीत होतं, मी वळले की तुम्ही कुकर काढणार. म्हणून सकाळीच ही पर्समध्ये टाकली. शिट्टीशिवाय कुकर म्हणजे झाकणाचा टोपच. आता सांगा, तीन शिट्ट्या कोणी दिल्या?"

मी प्रसाद तोंडात टाकला. मग परात जागेवर ठेवायला पडवीत गेलो.

सोमवारी ती तळ्याला गेली. हसत गेली, अगदी निश्चिंत. म्हणाली, "तुम्ही पास." शिट्टी अर्थात तिच्याबरोबर गेली. नलूचं ऑपरेशन उत्तम झालं आणि इकडे माझं बिरडं रोज अप्रतिम होतंय, पाहुणे बोटं चाटतायत. प्रेशर हा शेवटी माझा विषय आहे!

फक्त गुरुवारी पियूषची सुट्टी असते. त्या दिवशी बिरडं नाही, आम्ही पाव आणतो.