दहा माणसं मारणारा नीळकंठ

इंद्रजीतच्या घरात दिवसातून तीनदा पाऊस पडायचा, आणि त्याची बायको आठवड्यातून एकदा केस धुवायची. शहरातल्या गारखेडा भागातल्या त्या इमारतीत नळाला पाणी यायचं आठव्या दिवशी. हॉलमधल्या काचपेटीत मात्र टायमर लावलेला फवारा होता. तो सुटला की आतलं शेवाळ टवटवीत व्हायचं आणि पानाआडून दोन बेडूक बाहेर येऊन अंग भिजवत बसायचे. सुपारीएवढे, शाईच्या दौतीत पडून नुकतेच वर आल्यासारखे निळे. एकाचं नाव नीळकंठ, दुसरीचं नीलिमा. घरातला एकुलता एक एसीही त्याच खोलीत. नवरा-बायकोच्या खोलीत पंखा होता.

"कुत्रा कुणीही पाळतं," इंद्रजीत ऑफिसात सांगायचा. "बेडूक पाळायला शिस्त लागते."

ही शिस्त प्रेरणा पाळायची. बाल्कनीतल्या बरण्यांत कुजक्या केळ्यांवर चिलटं वाढवायची, कारण नीळकंठ दुसरं काही खायचा नाही. लोक चिलटं हाकलायला घरात धूप जाळतात; ही सकाळी उठून त्यांची तब्येत बघायची. तेही तिने चालवून घेतलं असतं. पण हे बेडूक दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले आणि विषारी जातीचे, तिथली माणसं असल्या बेडकांच्या पाठीवर बाण घासून शिकार करतात, हे तिने मोबाइलवर वाचलं आणि ती बॅग भरायला लागली.

तेव्हा इंद्रजीतने तिला शास्त्र समजावलं. ते विष बेडकाचं नसतंच. जंगलातल्या मुंग्या खाऊन ते अंगात साठतं. पेटीत जन्मलेल्या, चिलटांवर वाढलेल्या बेडकात भेंडीइतकंही विष नसतं.

"म्हणजे घरचं खाऊन सुधारला," प्रेरणा म्हणाली.

"माझ्यासारखा," इंद्रजीत म्हणाला.

तिने बॅग रिकामी केली, पण एक अट घातली. यात एक शब्द जरी खोटा निघाला, तरी पेटी जाईल नाहीतर ती जाईल. अट सोपी होती. इंद्रजीत खरं बोलला होता. पाचोडहून अप्पाराव मामा येईपर्यंत त्याला खोटं बोलायची काही गरजच नव्हती.

मामा जुलैत आले. पाऊस दडी मारून बसला होता, कपाशी माना टाकत होती आणि गावाने धोंडी काढायचं ठरवलं होतं. म्हणजे एकाच्या अंगाला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधायच्या, त्याच्याजवळ जिवंत बेडूक द्यायचा, हलगी वाजवत दारोदार जायचं आणि दारोदार त्याच्या अंगावर घागर ओतायची. माणूस होता, कडुनिंब होता, हलगी होती. बेडूक नव्हता. विहिरी आटल्या, तसे बेडूक कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मामांनी भर पारावर सांगितलं होतं की बेडकाचं माझ्याकडं लागलं, भाच्यानं पाळलेत.

ते एसीत बसले, चहा बशीत ओतला, आणि तेवढ्यात पेटीत दुपारचा पाऊस पडला. मामा बराच वेळ बघत राहिले. चहा बशीतच निवला.

"भाच्या," ते शेवटी म्हणाले, "तुझ्याकडं रोज पडतो व्हय?"

मग त्यांना नीळकंठ दिसला, आणि ते पिशवी शोधायला लागले.

मामाला नाही म्हणायची पद्धत इंद्रजीतच्या घराण्यात नव्हती. याच मामांनी त्याचं कॉलेज निभावलं होतं. पण पिशवीतून, त्या उन्हात, पाचोडपर्यंत? वाटेतच नीळकंठाचा बेदाणा झाला असता. इंद्रजीतने त्यांचा हात धरला आणि मनात आलं ते बोलून टाकलं.

"मामा, हात लावू नका. विषारी आहे तो. एक बेडूक दहा माणसं मारतो."

हे दक्षिण अमेरिकेतल्याच एका पिवळ्या बेडकाबद्दल सांगतात. नीळकंठाचा तो लांबचा भाऊबंद. पण भाऊबंदकीत एवढं चालतं, असं इंद्रजीतला त्या क्षणी वाटलं.

स्वयंपाकघरात खिसणीचा आवाज थांबला.

प्रेरणा एरवी त्याला अरे-तुरे करायची. पाहुण्यांसमोर तेवढं अहो. मामा फोन लावायला बाल्कनीत गेले, तरी ती म्हणाली, "अहो, दहा का?" तेव्हा इंद्रजीत हादरला. त्याने कुजबुजत सांगितलं की ते फक्त मामांसाठी होतं. बेडूक बिनविषारीच आहे.

"मग मोठ्याने सांगा ना," प्रेरणा म्हणाली.

मोठ्याने सांगितलं तर नीळकंठ पिशवीत. नाही सांगितलं तर प्रेरणा माहेरी, नाहीतर पेटी जिन्यात. नीळकंठ हॉलमध्ये विषारी असणं भाग होतं आणि स्वयंपाकघरात बिनविषारी. मध्ये फक्त एक पडदा होता. नीळकंठ या सगळ्यात पानावर बसून गळा फुगवत होता.

मामा बाल्कनीतून आले ते उजळलेल्या चेहऱ्यानेच. गावाला सांगितलं, म्हणाले. साधा बेडूक नाय, दहा माणसाचा बेडूक हाय. गाव लई खूश झालं. जहाल बेडूक, तसा जहाल पाऊस, असा पारावरच्या मंडळींनी हिशोब मांडला होता. इंद्रजीतने घाईने सांगितलं की त्याला उन्हात नेता येत नाही, मरेल तो. मामांनी मान डोलावली.

"मरू दिऊ नको. आम्हीच येतो की."

दुसऱ्या दिवशी दोन जीपगाड्या भरून पाचोड गारखेड्यात उतरलं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये हलगी कडाडली. तेव्हा एक अडचण समोर आली. दहा माणसांचा बेडूक म्हटल्यावर धोंडी व्हायला आलेला माणूस जीपमधून खालीच उतरेना. त्याच्या घरी लहान लेकरं होती. मग मामांनी सगळ्यांना पटेल असं सांगितलं: ज्याचा बेडूक, तोच धोंडी.

थोड्या वेळाने शहरातल्या एका नामांकित कंपनीचा सीनिअर एक्झिक्युटिव्ह बर्मुडावर, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कडुनिंबात उभा होता. हातात लोणच्याची बरणी. बरणीत ओलं शेवाळ आणि नीळकंठ. झाकणाला भोकं प्रेरणाने पाडली होती, जरा जोर लावूनच.

आता दारोदार पाणी. तळमजल्यावर सोसायटीच्या अध्यक्ष आशाबाई राहायच्या. त्यांनी दार उघडलं, धोंडीला मनोभावे नमस्कार केला आणि विचारलं की नुसतं कुंकू लावलं तर चालेल का. तो सातवा दिवस होता. टाक्या खरवडून झाल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी चमचाभर पाणी शिंपडलं आणि चमचा पुसून घेतला. बायका रिकामे हंडे घेऊन खाली आल्या, म्हणजे धोंडीचा अपमान नको, भांडं तरी दिसावं. हलगीच्या आवाजाने आजूबाजूच्या इमारतींतल्याही आल्या, आपापले हंडे घेऊन. लोक रस्त्यावर सांडले.

तेवढ्यात प्रेरणा जिन्यातून आली. तिच्या दोन्ही हातांत बेडकांच्या पावसासाठी जपून ठेवलेल्या शुद्ध पाण्याचे कॅन होते. तिने इंद्रजीतच्या हातातली बरणी काढून आशाबाईंच्या ओट्यावर ठेवली, पहिला कॅन त्याच्या टाळूवर धरला आणि अगदी सावकाश रिकामा केला. मग दुसरा. इतका भक्तिभाव तिच्या चेहऱ्यावर लग्नातही दिसला नव्हता. नंतर बरणी पुन्हा त्याच्या हातात दिली.

त्याच वेळी गल्लीत टँकर शिरला. पुढच्या इमारतीत लग्न होतं, तिथला. ड्रायव्हर मुख्तारभाई वाट अडलेली बघून खाली उतरले. समोर रिकामे हंडे घेतलेल्या बायका, जीप भरून माणसं, हलगी. मुख्तारभाईंनी बरेच हंडा मोर्चे बघितले होते. त्यांनी पुढारी दिसणाऱ्या मामांना विचारलं की मागणी काय आहे.

"पाणी," मामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मुख्तारभाईंची नजर मग त्या हिरव्या, निथळणाऱ्या, दात वाजवणाऱ्या इसमावर गेली. ते जवळ जाऊ लागले, तसं मामांनी त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं.

"लांब ऱ्हावा, भाऊ. दहा माणसं मारतो ह्यो."

मुख्तारभाईंनी इंद्रजीतकडे पाहिलं. इंद्रजीत सभ्यपणे हसला. त्याचा फार वाईट परिणाम झाला.

"नक्को भाई," मुख्तारभाई पाइप सोडवता सोडवता म्हणाले. "पानी लेलो पूरा. इसको अंदर लेके जाव."

सगळा टँकर सोसायटीच्या हौदात रिकामा झाला. बायकांचे हंडे भरले. आशाबाईंनी बरणीला हळदकुंकू वाहिलं आणि जाहीर केलं की धोंडी पावला. लग्नघराची माणसं भांडायला आली, ती नीळकंठ थोडा वेळ मिळेल का असं विचारून गेली. संध्याकाळच्या बैठकीत सोसायटीने ठराव केला की हा बेडूक इमारतीच्या हद्दीबाहेर जाणार नाही. इंद्रजीतबद्दल ठरावात काही नव्हतं.

पेटी वाचली. नीळकंठ वाचला. जिंकलो, असं इंद्रजीतला दोन दिवस वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. पाऊस पडला होता. पण गंगापुरात. पाचोडात नुसतं भरून आलं आणि गेलं.

"बेडूक जहाल हाय," मामा खिन्नपणे म्हणाले, "पण नेम नाय त्याला."

मग त्यांनी आवाज खाली आणून, घरातलाच माणूस म्हणून, एकदाच खरं विचारलं: विषारी हाय का नाय? फोन स्पीकरवर होता. प्रेरणा समोर ताटं मांडत होती. इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"खाण्यावर असतं, मामा," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर ती समोर बसली. ठरावामुळे पेटी बाहेर काढता येत नव्हती, आणि हौद भरलेला असल्याने ती माहेरीही जात नव्हती. तिने त्याच्या ताटात दोडका वाढला. सकाळीही दोडकाच होता. आदल्या दिवशीही.

"बेडूक घरचं खाऊन सुधारला," ती शांतपणे म्हणाली. "तुला किती दिवस लागतात बघू."

इंद्रजीतने दोडका खाल्ला. पेटीत संध्याकाळचा पाऊस लागला होता. आत नीळकंठ एका चिलटावर नेम धरत होता, आणि तो चुकला.