हजर चोराचा नियम

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. भरदुपारी शेजारच्या घरातला चोर पकडायचा भोंगा कोकलतो आहे. तुम्ही काय करता? उठून खिडकी लावून घेता. शाबास! सुव्यवस्था टिकते ती अशाच समंजस नागरिकांच्या जोरावर.

ओहायोतल्या बेकर्स फोर्ड गावात असे समंजस लोक भरपूर. तरीही एका वर्षात तिथे चारशे बारा भोंगे वाजले आणि चोर सापडले दोन. (त्यातला एक घरमालकच होता, किल्ली विसरलेला.) म्हणून नगरपरिषदेने नियम केला: पोलीस पोहोचतील तेव्हा चोर जागेवर हजर नसेल, तर भोंगा खोटा. एका घराचे तीन भोंगे खोटे ठरले की त्या घरी पोलीस पुन्हा जाणार नाहीत. नियम इतका न्याय्य होता की चोरांनीही त्याला हरकत घेतली नाही. वर्षभरात खोटे भोंगे एकोणीसवर आले. (लोकांनी यंत्रेच बंद करून टाकली.)

वर्नाआजी लुडके पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या नावावर दोन खोटे भोंगे आधीच जमा होते. एक मांजरामुळे, दुसरा नातीच्या वाढदिवसाच्या फुग्यामुळे. तो तरंगत बैठकीत आला आणि यंत्राला दरोडेखोर वाटला. तिसऱ्यानंतर हाक मारली तरी कोणी येणार नाही, या धास्तीने आजी स्वतःच्याच घरात चोरपावलांनी वावरत.

नात जोसी सुट्टीला आली आणि मंगळवारी खराखुरा चोर आला. भोंगा वाजला, चोर घाबरून पळाला. यंत्राने आपले काम चोख केले, आणि तिथेच ते चुकले.

ऑफिसर प्रुइट पाऊण तासाने पोहोचले.

"चोर कुठाय?"

"पळाला की! बांधून ठेवू होय त्याला? सत्तरी उलटली माझी."

"मी पाहिला!" जोसी म्हणाली. "लाल टोपी होती. मागच्या दाराने आला, ड्रॉवर उघडला..."

"बाळ, भोंग्याच्या परवान्याच्या अर्जावर तुझं नाव आहे?"

"नाही."

"मग तू पाहिलं नाहीस."

आजी भडकल्या. "डॅरिल प्रुइट, तुझ्या पहिल्या सायकलचं खोकं मी बर्फातून ओढत आणलं होतं. मी खोटं बोलेन?"

"तुम्ही खरंच बोलता, आजी. भोंगा खोटा बोलतो."

त्यांनी आजींच्या नावापुढे खोट्या भोंग्याची तिसरी फुली मारली, अदबीने टोपीला हात लावला आणि गेले.

"आता पुढच्या वेळी काय गं करायचं?" आजींनी विचारले.

जोसीने नियमाचा कागद दोनदा वाचला. तळाशी बारीक अक्षरांत होते: चोर जागेवरच थांबला आहे असे कळवल्यास तीन फुल्यांनंतरही पोलीस येतील. मग जाड पेनाने एक चिठ्ठी लिहून ती मागच्या दारावर चिकटवली:

"चोरकाका, भोंगा वाजला तरी पळू नका. पोलीस पाऊण तासात येतात, तोवर बसा. टेबलावर चेरीचा केक आहे. शेजाऱ्यांची काळजी नको. ते खिडकी लावून घेतात."